साडेचारची सावली

आमचं जुनं घर पाडलं तेव्हा आजीने एकच प्रश्न विचारला होता, "आन् बसायचं कुठं?"

ही 2016 ची गोष्ट. मी हिंजवडीत नोकरीला लागून दीड वर्ष झालं होतं आणि नव्या घराच्या नकाशात माझं मत चालत होतं. आमचं गाव मुळशी धरणाच्या काठावर. हिंजवडीही मुळशी तालुक्यातच येते, हे पुण्यातल्या मित्रांना सांगितलं की ते दचकतात. एकाच तालुक्याच्या एका टोकाला काचेच्या इमारती आणि दुसऱ्या टोकाला ताम्हिणीचा पाऊस. तर त्या काचेच्या इमारतीत बसून मी ठरवलं, की नव्या घराला पडवी नको. पडवी म्हणजे अंधार, पडवी म्हणजे वळचणीचं लाकूड डोक्याला लागणं. त्यापेक्षा समोर मोकळं अंगण, फरशी, दोन खुर्च्या, पलीकडे धरणाचं पाणी. इन्स्टाग्रामवर असे फोटो मी पुष्कळ सेव्ह करून ठेवले होते.

घर झालं. फोटोही झाले. आणि आजी घरात जाऊन बसली.

आमचं अंगण पश्चिमेला आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारी दोनपासून सूर्य मावळेपर्यंत तिथे पाय ठेवता येत नाही. जुन्या पडवीत आजी दुपारची भाकरी झाली की टेकायची ती दिवेलागणीपर्यंत. तांदूळ निवडायची, वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवायची, कोणाची म्हैस व्यायली, कोणाच्या सुनेचं काय बिनसलं, हे सगळं तिला तिथे बसून कळायचं. नव्या घरात तिला टीव्हीसमोर प्लास्टिकची खुर्ची मिळाली. दोन वर्षांत तिला गावात कोण वारलं तेही आम्ही सांगेपर्यंत कळेनासं झालं.

अण्णांनी मग अंगणावर पत्र्याची शेड घातली. पन्हाळी पत्रा हा तसा जुना शोध. लंडनच्या हेन्री पामर नावाच्या इंजिनिअरने 1829 मध्ये त्याचं पेटंट घेतलं, आणि पुढे जिथे जिथे इंग्रज गेले तिथे तिथे हा पत्रा गेला. पातळ पत्र्याला पन्हाळ्या पाडल्या की तो ताठ होतो, ही त्यातली हुशारी. पण दुपारी पत्रा तापला की खाली बसणं म्हणजे तव्याखाली बसणं. तरी आजी सकाळ-संध्याकाळ बाहेर येऊ लागली होती. तेवढ्यात 3 जून 2020 उजाडला. निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर चढलं आणि घाट ओलांडून आमच्या अंगावर आलं. आमचे सात पत्रे उडाले. त्यातला एक दोन शेतं ओलांडून भाताच्या खाचरात उभा रुतलेला सापडला. त्या जागी माणूस असता तर काय, हा विचार घरात प्रत्येकाने केला आणि कोणीच बोलून दाखवला नाही. पत्रा परत घालायचा नाही, एवढं मात्र ठरलं.

म्हणून 2022 च्या मार्चमध्ये मी ऑनलाइन एक शेड सेल मागवलं. चार मीटर बाय चार मीटर, वाळूच्या रंगाचं, चार कोपऱ्यांना चार कड्या. 'सेल' म्हणजे इथे शीड, गलबताचं असतं तसं. मराठीत याला अजून नाव नाही. "शेड सेल आणलंय" म्हटल्यावर आजी म्हणाली, "सेलमधलं हाय, म्हंजे टिकायचं न्हाई." तिचं खरं ठरलं, पण कारण वेगळं होतं.

मी ते चुलतभावाच्या मदतीने दोन तासांत लावलं. दोन कोपरे घराच्या भिंतीत हुक मारून, दोन कोपरे अंगणाच्या कठड्याच्या रेलिंगला पाइप वेल्ड करून. चारही कोपरे एका उंचीवर, तीन मीटर, व्यवस्थित लेव्हलमध्ये. सकाळी अकरा वाजता खाली काय सुरेख सावली होती! आजीची बाज आणून ठेवली. साडेचार वाजता मी बाहेर आले तर बाज उन्हात, आजी घरात, आणि सावली घराच्या भिंतीवर.

आपण सावली म्हणजे वस्तूच्या खाली पडणारी गोष्ट समजतो. पुण्याच्या अक्षांशावर तशी ती मेच्या मध्याला फक्त भर दुपारी पडते. तो शून्य सावलीचा दिवस, ज्याच्या बातम्या दरवर्षी येतात. पण त्याच दिवशी साडेचार वाजता सूर्य क्षितिजापासून साधारण तेहतीस अंशांवर उतरलेला असतो. तीन मीटर उंचीवर टांगलेल्या कापडाची सावली तेव्हा सुमारे साडेचार मीटर पूर्वेला सरकते. माझं कापडच चार मीटरचं. म्हणजे त्याची सगळीच्या सगळी सावली कापडाच्या खालून निघून गेलेली. हे गणित नववीच्या त्रिकोणमितीचं आहे. मी ते कापड फाटल्यावर केलं.

कापड फाटलं 8 मेला. वळवाचा पाऊस आला, त्याआधी वारा आला. भिंतीतला एक हुक विटेच्या तुकड्यासकट बाहेर आला आणि मोकळा झालेला कोपरा चाबकासारखा फिरला. दुसऱ्या बाजूला रेलिंग मुळापासून वाकलं आणि वरचा पाइप बाजेवर पडला. पाऊस येतोय म्हणून आजी दहा मिनिटांपूर्वी वाळवण गोळा करायला उठली होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी केलं होतं ते. पडवी मी घालवली, आणि तिच्या जागी आजीच्या डोक्यावर एक सापळा टांगला.

वाऱ्याचा जोर किती असतो याचं एक साधं सूत्र भारतीय मानकात आहे, आयएस 875 च्या तिसऱ्या भागात. वेग मीटर प्रति सेकंदात घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, 0.6 ने गुणायचं. ताशी पन्नास किलोमीटरचा वारा सोळा चौरस मीटरच्या बंद कापडावर समोरून आदळला तर जवळपास 190 किलोचा रेटा. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट, साडेसातशेच्या घरात. जाळीदार कापडातून थोडा वारा निघून जातो हे खरं, पण त्यावर विसंबून हुक मारू नये. त्यात आणखी एक मेख आहे. कपडे वाळत घालायची दोरी अगदी सरळ ताणा आणि मधोमध एक ओली साडी टाका. दोरी खिळ्यांना साडीच्या वजनाच्या कितीतरी पट ओढते. सैल दोरी तेवढी ओढत नाही. सपाट ताणलेल्या कापडाचे कोपरे असेच ओढले जातात. आणि मी ते कुठे अडकवलं होतं? चार इंची विटेच्या भिंतीत.

पौडला एक मांडववाले काका आहेत. लग्नं, जत्रा, गणपती, दहावे, सगळ्यांचे मांडव त्यांचेच. अण्णा त्यांना घेऊन आले. काकांनी फाटलेलं कापड उलटंपालटं केलं, भिंतीतलं भोक बघितलं आणि म्हणाले, "पोरी, तू चादर वाळत घातली व्हतीस. मांडव न्हाई."

मग ते मला कापडाचा धडा देत बसले. कापडाला झोळ नको. झोळ आला की त्यात पाणी साठतं, वारा भरतो. झोळ काढायला नुसतं ताणून भागत नाही, कापडाला पीळ द्यावा लागतो. "दोन कान वर, दोन कान खाली. समोरासमोरचे सारखे, शेजारचे उलटे." त्यांनी खिशातला रुमाल काढून माझ्या आणि भावाच्या हातात चार टोकं दिली आणि करून दाखवलं. रुमाल घोड्याच्या खोगिरासारखा वळला आणि एकदम ताठ झाला. मध्ये बोट दाबलं तरी दबेना.

हा आकार मी नंतर शोधला. फ्राय ऑटो नावाचे जर्मन वास्तुविशारद दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये युद्धकैदी होते. हाताशी सामान जवळजवळ नसताना निवारे उभे करायचं काम त्यांच्याकडे आलं. कमीत कमी वस्तूत जास्तीत जास्त छप्पर, हा विचार पुढे आयुष्यभर टिकला. 1955 मध्ये कासेल इथल्या उद्यान प्रदर्शनात त्यांनी वाद्यवृंदासाठी सुती कापडाचा एक छोटा मंडप उभारला. चार टोकं, दोन वर, दोन खाली. आज जगभरच्या हॉटेलांत आणि शाळांच्या मैदानांवर दिसणारी शेड सेल्स त्याच घराण्यातली आहेत. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकचं स्टेडियम झाकणारं पारदर्शक छतही त्यांच्याच विचारातून आलं. पौडच्या काकांनी यातलं काही ऐकलेलं नव्हतं. वाऱ्याने त्यांना शिकवलं असावं, आणि वाऱ्याने उडवलेल्या मांडवांच्या नुकसानभरपाईने.

काकांच्या गोदामात गेले तेव्हा मला एक शब्द आठवला. फरासखाना. पुण्यात बुधवार पेठेतल्या पोलिस चौकीचं नाव म्हणून आपण तो घेतो. पण फरासखाना म्हणजे तंबू, कनाती, बिछायती ठेवायची जागा. राज्याच्या अठरा कारखान्यांच्या यादीत जामदारखाना, तोफखाना यांच्या रांगेत फरासखाना येतो. पेशव्यांचे तंबू आणि सतरंज्या तिथे असत म्हणून त्या जागेला ते नाव. फरास म्हणजे अंथरणारा. ज्या शब्दातून फरास आला त्याच घरातून आपली फरशीही आली. खाली अंथरायचं आणि वर ताणायचं, दोन्ही कामं एकाच माणसाची.

हे काम हलकं नव्हतं. अबुल फझलने 'आईन-ए-अकबरी'त बादशाही छावणीचे तंबू मोजून मांडले आहेत. मोठ्या बारगाहखाली दहा हजारांहून जास्त माणसं मावत आणि ती उभारायला हजार फरासांना यंत्रांच्या मदतीने आठवडा लागे, असं तो सांगतो. त्याच्या यादीतली रावटी, शामियाना, कनात ही नावं आजही पौडच्या गोदामात ऐकू येतात. दख्खनमध्ये राज्यं बदलली, तंबूंचे शब्द तेच राहिले. अफजलखानाची भेट झाली ती 10 नोव्हेंबर 1659 ला, प्रतापगडाच्या पायथ्याशी मुद्दाम सजवून उभारलेल्या मंडपात. त्या भेटीत काय झालं ते सगळ्यांना पाठ आहे. मंडप कोणी ताणला ते कोणाला ठाऊक नाही.

शीड आणि सावली यांचं नातंही माझ्या ऑनलाइन दुकानापेक्षा खूप जुनं. रोमचं कोलोसियम इ.स. 80 मध्ये खुलं झालं. त्याच्या माथ्यावर 240 खांब रोवायची सोय होती आणि त्यांना बांधलेल्या दोरांवरून प्रेक्षकांवर कापडाचं छत सरकवलं जाई. ते काम आरमारातल्या खलाशांकडे होतं. साहजिकच आहे. एवढं कापड वाऱ्यात कसं धरायचं, कधी सोडायचं, हे डोलकाठीवर आयुष्य गेलेल्या माणसालाच कळणार.

वाचता वाचता माझ्या एक लक्षात आलं. या सगळ्या इतिहासात सावली नेहमी कोणाला तरी मिळते आणि कोणाला तरी धरावी लागते. वारीत पालखीबरोबर अब्दागिरी चालते ना, पिंपळपानासारखी, उंच दांड्याची? ती मूळची आफताबगीर. आफताब म्हणजे सूर्य, त्याला अडवणारी. पूर्वी ती कोणी वापरायची हे राजा ठरवत असे. पालखी, चौरी, अब्दागिरी हे मान होते, सरदाराला बहाल होत. रायगडावर 6 जून 1674 ला जो राज्याभिषेक झाला त्यातून आलेलं बिरुदच छत्रपती, छत्राचा धनी. आणि त्याच देशात पालावर जन्म काढणाऱ्या भटक्या जमाती. त्यांच्यासाठी ताणलेलं कापड हाच अख्खा वाडा, आणि 'पालं उठवा' हे शब्द त्यांनी पिढ्यानपिढ्या ऐकलेले.

मग आमच्यासारखे मावळातले शेतकरी काय करायचे? ते सावली अंगावर घेऊन फिरायचे. भातलावणीला वाकलेल्या बायकांच्या पाठीवर इरलं असे, बांबूच्या कामट्यांचं, आत पानं भरलेलं. वाकल्यावर पाठ झाकते, हात मोकळे राहतात. आजीने ते वापरलंय. नंतर प्लास्टिकच्या खोळी आल्या आणि इरलं संपलं. ते आता रिसॉर्टच्या भिंतीवर दिसतं. घराला कारवीचा कूड, वर कौलं, आणि समोर पडवी. लग्नात मांडव, त्यावर आंब्या-जांभळाच्या डहाळ्या. ताडपत्रीच्या नावात अजून ताडाचं पान बसलेलं आहे, वस्तू मात्र निळं प्लास्टिक.

पडवीबद्दल आजीशी मी पहिल्यांदा नीट बोलले ती त्या मे महिन्यात. एवढी बुटकी का होती ती? आत शिरताना वाकावं लागायचं. मला वाटायचं, गरिबी. लाकूड कमी, म्हणून उंची कमी. आजीने हात आपल्या खांद्याच्या थोडा वर धरला. "वळचण हितं पायजे. त्येच्या वर गेली की चार वाजता ऊन जात्यापतुर येतंय." तिच्या सासूने तिला सांगितलेलं. सासूला कोणी सांगितलं? सासू खालच्या गावात नांदायला आलेली.

खालचं गाव म्हणजे पाण्यातलं. टाटांच्या कंपनीने मुळा आणि निळा यांच्या संगमापाशी धरण बांधायला घेतलं तेव्हा मुळशी पेट्याने विरोध केला. 16 एप्रिल 1921 ला, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे पुढे, आणि मागे मावळे शेतकरी, बायका, पोरं. ते कामाच्या जागेवर जाऊन बसले. मी हे शाळेत वाचलं होतं, पण तारखेकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. 16 एप्रिल. ऐन चैत्राच्या उन्हात, खोदलेल्या उघड्या जमिनीवर, जिथे झाड शिल्लक नसणार. राजेंद्र व्होरांनी या लढ्यावर सविस्तर पुस्तक लिहिलंय, धरणाविरुद्धचं जगातलं पहिलं आंदोलन म्हणून ते त्याकडे बघतात. लढा तीन वर्षं चालला आणि हरला. धरण झालं. पाणी बोगद्याने घाट फोडून खाली कोकणात भिऱ्याच्या वीजकेंद्राकडे गेलं, मुंबईच्या दिव्यांसाठी. हेच ते भिरा, ज्याच्या 46.5 अंशांच्या बातम्या मार्च 2017 मध्ये देशभर झळकल्या होत्या.

आमच्या पणजोबांनी वर सरकून उघड्या टेकाडावर घर बांधलं. तिथे ना आंबा, ना वड. झाडं यायला तीस वर्षं लागतात, म्हणून पडवी आधी बांधली. खालच्या घराच्या मापाची, वळचण खांद्याच्या थोडी वर. गावातून वर आणता आलेल्या गोष्टींत हे माप होतं, आणि ते मी 2016 मध्ये जेसीबीने पाडलं.

दुसरं सेल लावायला एक वर्ष गेलं. घाई करायची नाही, असं काकांनी बजावलं. कापड निवडताना मी या वेळी रंगावर वेळ घालवला नाही. बहुतेक शेड सेल एचडीपीईच्या धाग्याने विणलेली असतात. हे प्लास्टिक 1953 मध्ये जर्मनीत कार्ल त्सिग्लर यांच्या प्रयोगशाळेतून निघालं, दहा वर्षांनी त्यांना इटलीच्या नात्तांबरोबर नोबेल मिळालं. शेतातली हिरवी शेडनेट तीच, फक्त पातळ. उन्हाने ते ठिसूळ होतं, म्हणून त्यात अतिनील किरण सोसणारं द्रव्य घातलंय का हे आधी विचारायचं. विणकाम जाळीदार हवं, म्हणजे तापलेली हवा वर निघून जाते आणि वाराही. पाणी न गळणारं कापड मोहात पाडतं. पण आमच्याकडे 25 जुलै 2024 ला ताम्हिणीत चोवीस तासांत साडेपाचशे मिलिमीटरवर पाऊस पडला, पुण्याच्या वर्षभराच्या पावसाचा तीन चतुर्थांश. त्याच्यासमोर कापड ताणून उभं राहायचं नसतं. ते काढून ठेवायचं असतं. म्हणून कोपऱ्यांना पक्की गाठ किंवा वेल्डिंग नको, फिरवून सैल करता येणारे टर्नबकल हवेत, स्टेनलेस स्टीलचे. कडा सरळ नकोत, आत वळलेल्या हव्यात, नाहीतर त्या फडफडतात. आणि कापड जागेपेक्षा लहान घ्यावं. मी जागेएवढंच घेतलं होतं, मग ताणायला उरलं काय?

घराकडचे दोन कोपरे आम्ही आरसीसी बीममध्ये अँकर बोल्टने धरले. पश्चिमेला दोन जीआय पाइप, खोल खड्ड्यात काँक्रीट भरून, आणि बाहेरच्या बाजूला किंचित कललेले, म्हणजे ओढ बसली की ते आत येऊन उभे राहणार नाहीत. उंची ठरवायची वेळ आली तेव्हा काका म्हणाले, नैऋत्येचा खांब वर, वायव्येचा खाली. मेमध्ये उतरतं ऊन पश्चिमेच्या थोडं उत्तरेकडून येतं, त्यामुळे खालचा कान तिथेच हवा. किती खाली?

आजी उठली, खांबापाशी गेली आणि हात लावला. खांद्याच्या थोडा वर.

"आजी, डोकं आपटेल सगळ्यांचं," मी म्हणाले.

"वाकतील की."

शेवटी तिथे आम्ही तुळशीचं वृंदावन सरकवलं, म्हणजे कोणी सरळ चालत जाऊन धडकणार नाही. पाहुणे विचारतात, हे एका बाजूला पडल्यासारखं का लावलंय? मी आता समजावत नाही, साडेचारपर्यंत थांबा म्हणते.

पहिला पूर्ण उन्हाळा 2023 चा. आजी बाहेर आली, पण पहिले काही दिवस वाटेने जाणारं कोणी थांबत नव्हतं. लोकांची सवय मोडली होती. मग एक दिवस शेजारच्या काकू सुपात तांदूळ घेऊन आल्या. आजी आता शहाऐंशीची आहे. तिला अर्धं ऐकू येत नाही, त्यामुळे गावातल्या सगळ्या भानगडी आमच्या अंगणात मोठ्याने बोलल्या जातात.

मेअखेरीस ढग जमू लागले की आम्ही सेल उतरवतो. दरवर्षी टर्नबकल सोडायचं काम माझं. कापड खाली आलं की आजी एक टोक धरते, मी दुसरं. नऊवारीची घडी घालतात तशी ती घालते, आधी लांबीत, मग रुंदीत, आणि मध्ये एकदा थांबून वाळूचा रंग झटकावा तशी धूळ झटकते. गेल्या वर्षी घडी घालताना तिने कापडाच्या कडेला एक बारीक उसवण दाखवली. सुईदोरा मागितला. मी म्हटलं, याला वेगळा धागा लागतो, मी मागवते. तिने ऐकू न आल्यासारखं केलं आणि गोधडीच्या दोऱ्याने ती टाचून टाकली.

टाका अजून तसाच आहे.